वसतिगृहातील विद्यार्थ्याला पॉर्नचे ‘व्यसन’: अधीक्षकाने नेमके काय करावे?

प्रश्न: वसतिगृह अधीक्षक, मराठवाडा

नमस्कार. एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन मुलांच्या वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून मी गेली नऊ वर्षे काम करतो. मुले बहुतेक शेतकरी आणि ऊसतोड कामगारांच्या घरांतली आहेत. अनेकांच्या घरातून महाविद्यालयापर्यंत पोहोचलेला हा पहिलाच मुलगा असतो आणि त्याच्या हातातला स्मार्टफोनही बहुधा घरातला पहिलाच असतो. विषय संकोचाचा आहे, म्हणून नाव न देता लिहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील एक विद्यार्थी (वय पूर्ण १८) जेवणघरात दिसेनासा झाला. तो रात्र-रात्र जागतो आणि दिवसा तास बुडवतो, असे त्याच्या खोलीतल्या मुलांनी सांगितले. मी त्याला कार्यालयात बोलावले, तेव्हा तो बराच वेळ मान खाली घालून बसला आणि मग दप्तरातून एक दोनशे पानी वही काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. वहीच्या शेवटच्या पानांवर पट्टीने चौकटी आखून त्याने महिन्यांचे तक्ते केले होते. काही तारखांवर बरोबरची खूण होती, काहींवर लाल फुली. एका ओळीखाली ‘११ दिवस’ असे लिहून ते नंतर इतक्या जोराने खोडले होते की कागद फाटला होता. फुली म्हणजे मोबाइलवर अश्लील चित्रफिती पाहिल्याचा दिवस. “सर, मला व्यसन लागले आहे, माझे शरीर आतून पोकळ झाले आहे,” एवढेच तो म्हणाला.

पुढे जे कळले त्याने मला जास्त त्रास झाला. बसस्थानकाच्या मागच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, धातुदौर्बल्य, खात्रीशीर इलाज’ अशी जाहिरात रंगवलेली आहे. तिच्यातल्या क्रमांकावर फोन करून, महिन्यातून दोनदा एका लॉजवर बसणाऱ्या ‘वैद्यां’ना हा मुलगा भेटला आणि घरून आलेले साडेसहा हजार रुपये देऊन भुकटीच्या पुड्या घेऊन आला. तो जेवणघरात का दिसत नव्हता, याचे उत्तर त्यातच होते. ते पैसे मेसचे होते.

संस्थेच्या बैठकीत दोन सूचना आल्या. एक, त्याला घरी पाठवावे, म्हणजे बाकीची मुले बिघडणार नाहीत. दुसरी, रात्री दहानंतर सर्वांचे मोबाइल जमा करावेत. हा दुसरा प्रयोग मी पूर्वी करून चुकलो आहे. क्रमांक घातलेल्या खणांची लोखंडी पेटी बनवून घेतली आणि तीन आठवड्यांनी लक्षात आले की तिच्यातले निम्मे फोन फुटक्या काचेचे, केव्हाच बंद पडलेले, दुरुस्तीच्या दुकानातून शे-दोनशे रुपयांना आणलेले आहेत. (मुलांच्या डोक्याचे मला मनातून कौतुकही वाटले, हे इथे कबूल करतो.)

मला विचारायचे आहे ते असे. हे खरोखर व्यसन आहे का? असल्यास उपचार कोठे मिळतील? त्याच्या वडिलांना कळवावे का? आणि उरलेल्या साठ मुलांशी या विषयावर बोलायचे ठरवले, तर ज्या माणसाला स्वतःच्या मुलाशीही हे बोलता आले नाही, त्याने सुरुवात कोणत्या वाक्याने करावी?

उत्तर १: निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

अधीक्षक महोदय, मुलाला घरी पाठवू नका, हे आधी सांगतो. गावी गेला की त्याचे शिक्षण संपले. मात्र थोडा धाक हवाच. पहाटे पाचला उठवणे, व्यायाम, थंड पाण्याची आंघोळ, रात्री सामुदायिक अभ्यासिका आणि ब्रह्मचर्याचे महत्त्व पटवून देणारी एक-दोन व्याख्याने यांनी आमच्या काळी मुले मार्गाला लागत. आमच्या वेळीही पिवळ्या पुस्तकांचा सुळसुळाट होताच. फरक एवढाच की ते पुस्तक वाचनालयाच्या मागे लपवावे लागे आणि ते एकूण सोळा पानांचे असे. आजचे पुस्तक संपतच नाही. तेव्हा मोबाइल हा रोगाचा उगम आहे आणि त्यावर बंदी घालायला कचरू नये, असे माझे मत आहे.

उत्तर २: मनोविकारतज्ज्ञ, शासकीय रुग्णालय

सर्वप्रथम ती भुकटी बंद करावी. शिल्लक पुड्या मात्र फेकू नयेत, तपासणीला येताना बरोबर आणाव्यात. अशा पुड्यांवर घटकांची यादी नसते आणि त्यांत काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

“शरीर पोकळ झाले” ही तक्रार माझ्या बाह्यरुग्ण विभागात जवळजवळ दर आठवड्याला येते. वीर्य गेले म्हणजे सत्त्व गेले आणि रक्ताच्या चाळीस थेंबांतून त्याचा एक थेंब होतो, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की तिच्यातून उद्भवणाऱ्या अशक्तपणाला, धडधडीला आणि चिंतेला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. या समजुतीला शरीरशास्त्रात आधार नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असते आणि ते गेल्याने कोणी पोकळ होत नाही. तुमच्या विद्यार्थ्याला थकवा खरोखरच येत असणार, पण जो मुलगा रात्री तीनपर्यंत जागतो आणि मेसचे पैसे न भरल्यामुळे दोन्ही वेळा वडापाव खाऊन राहतो, त्याला थकवा येण्यासाठी दुसरे कारण शोधायची गरज नाही.

आता व्यसनाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, ‘अनिवार्य लैंगिक वर्तन विकार’ हे निदान आहे, परंतु ते व्यसनांच्या गटात न ठेवता आवेगावर ताबा नसण्याच्या विकारांत ठेवलेले आहे. हे निदान करायचे तर ताबा सुटल्याची अवस्था साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागते, तिच्यामुळे शिक्षण, प्रकृती वा नातेसंबंध यांचे ठळक नुकसान झालेले असावे लागते, आणि होणारा मनस्ताप केवळ “मी पाप करतो आहे” या भावनेतून आलेला असेल तर तेवढ्यावर निदान करू नये, असे तिथे स्पष्ट नोंदवले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या नियमावलीत तर अशा प्रकारच्या विकाराचा प्रस्ताव स्वीकारलाच गेला नाही. थोडक्यात, वहीतल्या फुल्या मोजून आजार ठरत नाही.

त्या वहीबद्दल मात्र बोललेच पाहिजे, कारण ती मला भुकटीइतकीच घातक वाटते. किती दिवस ‘शुद्ध’ राहिलो याची मोजणी करणारी मुले आजकाल फार भेटतात. समाजमाध्यमांवर त्यांच्यात चढाओढही चालते. दहा दिवस पाळले आणि अकराव्या दिवशी मोडले, की मुलाच्या मनात “आता सगळेच गेले” असा विचार येतो आणि एरवी वीस मिनिटांत फोन खाली ठेवणारा तोच मुलगा त्या दिवशी पहाटेपर्यंत पाहत बसतो. मग पश्चात्ताप, पश्चात्तापातून चिंता, चिंतेवर उतारा म्हणून पुन्हा तीच चित्रफीत. मी मुलांना “किती वेळा?” हा प्रश्न उशिरा विचारतो, आधी “कधी?” हे विचारतो. उत्तरे जवळजवळ ठरलेली असतात: पेपर अवघड गेल्यावर, घरून पैशांचा फोन आल्यावर, खोलीतले सगळे झोपले आणि आपल्याला झोप येईना तेव्हा. त्याला वही ठेवायचीच असेल तर तिच्यात झोपेची वेळ, दोन जेवणे आणि बसलेले तास एवढेच लिहू द्या.

यावरून मी परिणाम नाकारतो आहे असे कृपया समजू नये. एकामागून एक नवे दृश्य, तेही फुकट आणि न संपणारे, ही रचना कोवळ्या मेंदूला खिळवून ठेवणारी आहे. मुख्याध्यापकसाहेबांचे सोळा पानांचे उदाहरण मला याच कारणासाठी आवडले. झोप तुटते, एकाग्रता जाते, पडद्यावरच्या शरीरांशी स्वतःच्या शरीराची तुलना सुरू होते आणि काहींना पुढे वैवाहिक आयुष्यात अडचणी आल्याचेही मी पाहिले आहे. नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी १९९५ ते २०१५ या काळातील अभ्यासांचा जो आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात किशोरवयीनांचे पॉर्न पाहणे आणि स्त्री-पुरुषांविषयीच्या साचेबद्ध कल्पना यांचा संबंध आढळतो, पण त्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा निवाडा त्यांनीही केलेला नाही.

पहाटेचा व्यायाम मी स्वतः सुचवतो. धाकाबाबत मात्र मुख्याध्यापकसाहेबांशी माझा मतभेद आहे, कारण या मुलाला धाक कमी पडला नव्हता. तो धाकामुळेच लॉजवर पोहोचला. उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठावा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ या वयोगटासाठी आहे, त्यामुळे तुमच्या ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक असल्यास तेथेही त्याला नेता येईल.

उत्तर ३: पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे

वरची उत्तरे वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. मुलाची झोप आली, मुलाचे तास आले, मुलाचे वीर्य आले, मेसची फीसुद्धा आली. मुली कोठेच आल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझा एक मित्र होता, अभ्यासू आणि सभ्य. एकदा त्याने माझा हात धरला, मी तो मागे घेतला, तेव्हा तो हसून म्हणाला, “मुली आधी नाहीच म्हणतात.” हे तुला कोणी सांगितले, असे मी विचारले, तर तो स्वतःच गोंधळला. घरी, शाळेत, मित्रांमध्ये या विषयावर कोणी कधी सरळ बोललेच नव्हते, आणि रात्री फोनवर जे पाहिले होते त्यात नकार हा होकाराच्या आधीचा एक टप्पा म्हणूनच दाखवलेला होता. तो दुष्ट नव्हता असे मला आजही वाटते. (दोष एकट्या पॉर्नला देणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलीचा पिच्छा पुरवून शेवटी तिचा होकार मिळवणारा नायक आपण कुटुंबासह, मध्यंतरात समोसे खात पाहत आलो आहोत.)

इंग्लंडच्या बाल आयुक्तांचा एक अहवाल जानेवारी २०२३ मध्ये आला. त्यात १६ ते २१ वर्षांच्या तरुणांना विचारले असता, पॉर्न प्रथम पाहिल्याचे सरासरी वय १३ निघाले आणि १८ वर्षांचे होण्याआधी हिंसक पॉर्न पाहिलेल्यांचे प्रमाण ७९ टक्के होते. ते आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत हे मला कळते, पण त्या चित्रफितींची भाषा वेगळी असली तरी त्यांतला मजकूर आपल्याकडे पोहोचतो तो तोच आहे.

पॉर्न मुलीही पाहतात आणि त्यांच्या वाट्याला आलेली शरम दुप्पट असते, कारण त्यांच्यासाठी बसस्थानकाच्या भिंतीवर खोटा इलाजसुद्धा लिहिलेला नसतो. त्यात भीतीची भर. माझ्या वर्गातील एका मुलीचा चेहरा दुसऱ्याच शरीरावर चिकटवून तो फोटो शंभराहून अधिक जणांच्या ग्रुपवर फिरवला गेला. तिला ही गोष्ट सांगायला एक जण आला, तोही चार दिवसांनी. बाकीच्यांनी केवळ पाहिले होते आणि केवळ पाहिले म्हणजे आपण काही केले नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

सर, साठ मुलांशी बोलायला कोणाला बोलावणार असाल तर एखाद्या बाईंना बोलवा. ब्रह्मचर्यावर व्याख्यान नको. होकार म्हणजे काय, एवढ्यावरच एक तास बोलले तरी पुरे.

उत्तर ४: संगणक जाळ्यांचे काम करणारा

तांत्रिक बाजू थोडक्यात मांडतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो बराचसा मागे घेतला. उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८ मध्ये पुन्हा ८२७ स्थळे बंद झाली. पण २०१६ नंतर डेटा जवळजवळ फुकट झालेला होता आणि व्हीपीएन (बंदी चुकवून दुसऱ्या वाटेने संकेतस्थळ उघडण्याची सोय) कसे लावायचे हे नववीतला मुलगाही सांगू शकतो. वसतिगृहाच्या वाय-फायच्या राउटरमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.३ हा पत्ता घाला; प्रौढांसाठीची बहुतेक स्थळे वाय-फायवर उघडणार नाहीत आणि त्याला काही खर्च नाही. मुलांच्या सिमकार्डावर मात्र याचा काडीइतकाही उपयोग नाही. त्यामुळे चुकून समोर येणारे अडेल, शोधून पाहणारा अडणार नाही.

उत्तर ५: वकील, छत्रपती संभाजीनगर

मुलांचे फोन उघडून तपासू नका, ही पहिली विनंती. विद्यार्थी सज्ञान आहे; त्याच्या वडिलांना काय आणि किती सांगायचे हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने ठरवावे.

बाकीच्या मुलांना कायद्याची एक गोष्ट नीट समजावून द्यावी, कारण ‘फॉरवर्ड’ करताना ती कोणालाच आठवत नाही. सज्ञान व्यक्तीने खासगीत पॉर्न पाहणे हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही, परंतु अश्लील मजकूर पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७अ खाली गुन्हा आहे. चित्रफितीतील व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर गोष्ट पूर्णच बदलते. तिथे कलम ६७ब आणि पोक्सो कायद्याचे (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे) कलम १५ लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून असे साहित्य पाहणे आणि बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो, असे स्पष्ट केले आणि त्याला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ न म्हणता बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य म्हणावे, असेही सुचवले. त्याच निकालपत्रात लैंगिक शिक्षणाची गरज विस्ताराने मांडली आहे. तो भाग तुमच्या संस्थेच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवण्याजोगा आहे.

आणखी एक. अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो, मुलगा फसतो, त्याचे रेकॉर्डिंग दाखवून पैसे मागितले जातात, हा प्रकार तालुक्याच्या गावांतही पोहोचला आहे. पैसे देऊ नयेत, पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर तक्रार करावी. हा क्रमांक जेवणघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. बसस्थानकाची भिंत रंगवणारा पेंटरही चालेल.

उत्तर ६: सेवानिवृत्त ग्रंथपाल, मुंबई

वकीलसाहेबांच्या पेंटरवरून आठवले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते जवळजवळ एकहाती चालवले. त्यात वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पण ते खटला हरले आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. पुढे २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम रोखणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता, हे वाचून मला तो खटला आठवला होता. शंका विचारणाऱ्याला उत्तर देणारा दंड भरतो आणि भिंतीवर खात्रीशीर इलाज रंगवणाऱ्याला कोणी हात लावत नाही, ही स्थिती जुनीच आहे. अधीक्षकसाहेब, तुम्ही पहिले वाक्य विचारले होते. कर्व्यांच्या मासिकाची पद्धत पाहिली तर ते वाक्य मुलांनाच लिहू द्यावे, असे मला वाटते.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन: वसतिगृह अधीक्षक

सर्वांचा आभारी आहे. बुधवारी त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी पुड्या ठेवून घेतल्या, वजन केले, रक्त तपासायला पाठवले आणि मला बाहेर बसायला सांगून त्याच्याशी तासभर बोलल्या. परतीच्या एसटीत तो काही बोलला नाही, पण गेवराईच्या थांब्यावर उतरून त्याने दोन प्लेट भजी आणली आणि एक माझ्यापुढे धरली. त्याच्या आईला त्याने स्वतः फोन केला. पैसे ‘औषधाला गेले’ एवढेच सांगितले, आणि ते खोटे नव्हते. मेसची थकबाकी चार हप्त्यांत घ्यायची, असे व्यवस्थापकांकडून लिहून घेतले आहे. घरी पाठवण्याचा विषय तूर्त बाजूला पडला आहे. तास तो अजूनही बुडवतो, मात्र पूर्वीइतके नाही.

ग्रंथपालसाहेबांची सूचना मी फार शब्दशः घेतली. मोबाइलची ती लोखंडी पेटी अडगळीतच होती. तिचे खण काढून टाकले, वरच्या पत्र्याला फट पाडून घेतली आणि ती जिन्याखाली ठेवली. नाव न लिहिता कोणतीही शंका टाकावी, महिनाअखेर रुग्णालयातील डॉक्टर मॅडम येऊन उत्तरे देतील, अशी सूचना फळ्यावर लिहिली. पहिले चार दिवस पेटीत फक्त एक चॉकलेटचा कागद होता. आठवड्याच्या शेवटी सव्वीस चिठ्ठ्या निघाल्या. पॉर्नविषयीच्या थेट शंका पाच-सहाच आहेत. बाकी उंची वाढेल का, छातीवर केस नसणे हा दोष आहे का, मुलीशी बोलायला सुरुवात कशी करतात, बहिणीचे लग्न सतराव्या वर्षी ठरले आहे ते थांबवता येईल का, असे आहे.

एका चिठ्ठीवर एवढेच लिहिले आहे: “पेटीची किल्ली कोणाकडे असते?” वाचताच ते अक्षर कोणाचे हे मला कळले. नऊ वर्षे रजेचे अर्ज वाचतो आहे, सगळ्यांचीच अक्षरे कळतात. उद्या किल्ली मॅडमकडे पाठवतो आहे.